अकराव्या खड्ड्यातली डुडा

तळ्यातल्या एल्नी बेटावरच्या मठात मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालायचं काम सिगिथकडं होतं. मान म्हणून नव्हे. दुसरं कुणी हात लावायला धजत नव्हतं म्हणून. एरवी ती मेंढ्यांची धार काढायची आणि चीज करायची. चाळिशीची जोगीण, खांदे गड्यासारखे, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मठात म्हणायचे, सिगिथनं नुसतं डोळे वटारून बघितलं तरी दूध फाटतं.

त्या दिवशी तिला बोलावणं आलं ते ताज्या मढ्यासाठी नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी पुरलेल्या बाईला आंघोळ घालायची होती.

ती बाई म्हणजे एडवरु, राजाची पुतणी. मोठ्या मरीच्या साली एकोणिसाव्या वर्षी गेली. तिची थोरली बहीण केओल्वेन आता मठाची आईसाहेब होती. दोन वर्षं आईसाहेबांना एकच स्वप्न पडत होतं: धाकटीचं अंग मातीत कुजलेलं नाही, आणि ती म्हणतेय, मला वर काढा. आता, अंग कुजलं नाही म्हणजे ती बाई संत. संत म्हटल्यावर तिला दगडी पेटीत घालून देवळात वेदीशेजारी ठेवायचं, मग बिशप येणार, राजा जमीन देणार, लोक होड्या भरभरून पाया पडायला येणार. ही वाट ठरलेलीच असते. आईसाहेबांनी माणसं धाडून जुन्या लोकांच्या पडक्या शहरातून पांढऱ्या दगडाची पेटी आणवली होती. झाकण जरा चिरलेलं होतं, पण बाकी पेटी झकास.

एल्नीत जोगिणीच्या कबरीवर खूण ठेवत नाहीत. राजाची पोर असो की गुराख्याची, एकसारख्या फळ्यांच्या पेटीत घालायची आणि मरणाच्या ओळीनं एकीशेजारी एक पुरायची. कोण कितवी गेली ते प्रार्थनेच्या वेळी वाचायच्या यादीत असतं. यादीत एडवरु मरीच्या सालातली अकरावी. म्हणून कुंपणापासून अकरा कबरी मोजल्या आणि खणलं.

घोळ झाला तो तिथंच.

खड्ड्याभोवती कापडाचा आडोसा उभा केला होता. बाहेर एका अंगाला साधू, दुसऱ्या अंगाला जोगिणी, गळा काढून स्तोत्रं म्हणत होत्या. सिगिथ गरम पाण्याची बादली घेऊन आत शिरली. आत आईसाहेब होत्या, पेटी वर काढणारे दोन साधू होते, आणि राजाकडून आलेला कुथविन नावाचा पाद्रीबुवा होता. एडवरुचं चरित्र लिहायला आला होता तो. बारीक, शिडशिडीत माणूस, बोटं शाईनं काळी, सतत नाक ओढायचा.

पेटीतून काळं पाणी उपसलं. कापड बाजूला केलं. आणि बाई होती तशी होती. रंग ओकच्या सालीसारखा तांबूस काळा झालेला, पण नाक, कान, ओठ, पापण्या, सगळं जागच्या जागी. साधूंनी मटकन गुडघे टेकले. आईसाहेबांनी तोंडावर हात घेतला.

सिगिथनं फडकं पिळलं आणि मढ्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठा बाहेरच्या अंगाला वाकडा वळलेला, चमच्यासारखा चपटा. तीस वर्षं लाकडी साच्यात चीज दाबल्याशिवाय अंगठा असा होत नाही. राजाच्या घरी चीज दाबत नाहीत, खातात. तिनं ओठ जरासा उचलून बघितला. वरचा पुढचा दात नव्हता.

तिनं फडकं बादलीत टाकलं.

"आईसाहेब," ती म्हणाली, "ही तुमची भैन न्हाई."

"पाणी घाल, सिगिथ."

"घालते की. पन डुडाला घालतेय. ही डुडा हाय, चीजवाली. माझी डुडा."

आईसाहेबांनी मढ्यावरून नजर काढली नाही. पाद्रीबुवा नाक ओढत पुढं झाला.

"सिगिथबाई, मातीत सोळा वर्षं गेली. चेहरा बदलतो."

"चेहरा ऱ्हाऊ द्या. हात बघा. ह्यो घट्टा बघा."

"तोच तर पाहतोय. रात्रंदिवस थंड फरशीवर हात टेकून प्रार्थना केल्याची खूण आहे ही."

"प्रार्थनेनं अंगठा वाकडा हुतोय व्हय? मग तुमचा सरळ कसा?"

एका साधूला हसू फुटलं, त्यानं ते खोकून गिळलं.

"आन् ह्यो दात?" सिगिथ म्हणाली. "दात बी प्रार्थनेनं पडला?"

"सैतान संतांना मारहाण करतो. ऐकलंय मी."

"एडक्यानं पाडला. काळा एडका व्हता आमचा. लई माजलेला, समद्यास्नी शिंगं लावायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव बिशप ठिवलं व्हतं. म्या तिथंच उभी व्हते."

पाद्रीबुवानं कमरेची मेणाची पाटी काढली आणि टोकदार काडीनं काहीतरी कोरलं. सैतान काळ्या एडक्याच्या रूपानं आला, असं त्यानं लिहून घेतलं होतं. सिगिथला वाचता येत नव्हतं म्हणून त्या क्षणी तरी तो वाचला.

"झालं तुझं?" आईसाहेब म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढलेला बरा असं वाटावं असा आवाज. "माझ्या बहिणीला धू. नवं कापड गुंडाळ. आणि तोंड मीट."

त्या आडोशाबाहेर गेल्या आणि अंग जसंच्या तसं आहे असं त्यांनी ओरडून सांगितलं. बाहेर जो कल्लोळ उठला, तो तळ्यावरच्या हजार बदकांनी एकदम झेप घ्यावी तसा. आंघोळीचं पाणी खाली पडायच्या आत बायका भांडी घेऊन आडोशाखालून हात घालायला लागल्या. संध्याकाळपर्यंत कुणाची तरी दाढ थांबली, कुणाची तरी गाय उठून उभी राहिली.

सिगिथनं मात्र धुतलं. कानामागं धुतलं, नखांतली माती काडीनं काढली, केस विंचरले. सगळा वेळ पुटपुटत होती, आणि ती प्रार्थना नव्हती.

*

आता डुडा कोण, ते सांगायला पाहिजे, कारण यादीत तिच्या नावापुढं काही नाही.

डुडा गुलाम होती. कुठल्याशा जमीनदारानं मठाला गवताचं रान दान दिलं, त्याबरोबर चाळीस मेंढ्या दिल्या आणि मेंढ्यांबरोबर डुडा दिली. बुटकी, गोल, तोंडाळ. तिच्या हातचं चीज असं व्हायचं की तेव्हाच्या म्हाताऱ्या आईसाहेबांनी दहा वर्षांनी तिला गुलामीतून सोडवलं, आणि वर विचारलं, आता कुठं जाणार? डुडा म्हणाली, "जाऊ कुठं? दूध हितं हाय." तिनं डोक्यावर जोगिणीचं कापड घेतलं आणि परत साच्यापाशी जाऊन बसली. देवळात ती नेहमी पेंगायची. म्हणायची, "देवाला ठावं हाय मी पहाटं उठलेय."

सिगिथला तिच्या बापानं सातव्या वर्षी मठात सोडलं. तापात नवस बोलला होता, ताप उतरला, पोरगी देवाला दिली. तीन दिवस ती मेंढ्यांच्या वाड्यात रडत बसली. चौथ्या दिवशी डुडानं तिच्या हातात ढवळायचा दांडका दिला. "रड," म्हणाली, "पन ढवळता ढवळता रड. हात थांबला तर टाळक्यात घालीन." घातलंही दोनदा. आणि थंडीत स्वतःच्या घोंगडीत घेऊन निजवलंही. सिगिथला आईचा चेहरा आठवत नाही. डुडाच्या अंगाचा आंबट वास आठवतो.

मग मरी आली. काखेत गाठ, तीन दिवस ताप, फार तर दहा, आणि खेळ खलास. मठात चौदा जोगिणी गेल्या. धडधाकट होत्या त्या आपापल्या खोलीत कड्या लावून बसल्या. दूध फुकट जायला लागलं. तळ्यापलीकडच्या वस्त्यांत तर धार काढायलाही माणूस उरला नव्हता, पोरं झाडाची साल चावत होती.

एडवरु वरच्या माळ्यावर राहायची. वाईट नव्हती ती पोर. खोटं कशाला बोला. भित्री होती. एकोणीस वर्षांची, हौसेनं मठात आलेली, मरायला आलेली नव्हती. तिनं दाराला आतून खुंटी लावली आणि होडीनं निरोप धाडला, ताईला म्हणावं लवकर ये. ताई म्हणजे केओल्वेन, तेव्हा राजाच्या घरी. कुणी आलं नाही. मरीच्या बेटावर कोण येतं? पण मरी खुंटीला विचारून थोडीच येते. माळ्यावरून कण्हणं ऐकू यायला लागलं तेव्हा वर कोण गेलं? डुडा. खांद्यानं दार फोडून गेली. नऊ दिवस तिचं हगणंमुतणं काढलं, गाठी शेकल्या, दुधाचं पाणी चमच्यानं पाजलं. दहाव्या दिवशी पोर गेली, आणि त्याच संध्याकाळी डुडाच्या काखेत गाठ आली.

म्हाताऱ्या आईसाहेब म्हणाल्या, राजाच्या घरची पोर आहे, बहीण येईपर्यंत पुरू नका. अकरावा खड्डा तिच्यासाठी खणून तयार होता. तिसऱ्या दिवशी डुडा गेली. खड्ड्यात पाणी भरायला लागलं होतं, तो ढासळला असता. मग सिगिथ आणि एक म्हातारा साधू, दोघांनी डुडाला त्या अकराव्या खड्ड्यात घातलं. पाण्यात पेटी टेकवताना चपकन आवाज झाला. दोन दिवसांनी बहिणीची वाट बघणं सोडलं आणि एडवरुला बाराव्यात पुरलं. तिथं जमीन जरा चढती, रेताड. पुढच्या आठवड्यात म्हातारा साधू गेला, म्हाताऱ्या आईसाहेब गेल्या. यादी लिहिणाऱ्यानं मरणाची ओळ लिहिली, खड्ड्यांची नाही. कुणी विचारलं नाही, सिगिथनं सांगितलं नाही. सांगायचं कशाला? मेलेल्यांना काय, अकरा काय अन् बारा काय.

आणि अंग का कुजलं नाही, ते तळ्यावरच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. काळ्या चिखलात रुतलेली वाम मासळी वर्षानं निघाली तरी डोळ्यांसकट निघते. वाम संत असते असं काही कुणी म्हणत नाही.

*

चार दिवसांनी पाद्रीबुवा चीजघरात आला. रविवारी बिशप येणार होता. रीत अशी की ज्या बाईनं मढं धुतलं तिनं पवित्र पोथीवर हात ठेवून बिशपसमोर शपथ घ्यायची: अंग अखंड आहे आणि ते अमुकच बाईचं आहे. शपथेशिवाय पेटीचं झाकण बसवता येत नाही.

"पाठ करून ठेवा," पाद्रीबुवा म्हणाला. "सोपं वाक्य आहे." मग चीजचा एक तुकडा तोंडात टाकून तो जरा मऊ झाला. "चरित्र जवळजवळ झालंय. ऐकायचंय थोडं?"

त्याला वाचून दाखवायची हौस होती. लिहिणाऱ्याला ती असतेच. त्यानं कातड्याचं पान उघडलं आणि एकेक ओळ आपल्या भाषेत सांगायला लागला. मरीच्या दिवसांत एडवरुनं आपल्या नाजूक हातांनी आजाऱ्यांची सेवा केली. त्यांचे मळके कपडे धुतले. कुणी आत जायला धजेना त्या खोलीचं दार तिनं स्वतः उघडलं.

सिगिथ साचा दाबत होती. पाणी तिच्या कोपरापर्यंत आलं.

"पुढं," ती म्हणाली.

"पुढं चमत्कार आहेत. त्यात पहिला चोरीचा. या मठात डुडा नावाची एक लबाड दासी होती. मरीच्या हिवाळ्यात तिनं कोठारातून एकोणीस चीज चोरली आणि बाहेर विकली. देवानं तिचा हात लुळा केला. मग एडवरुनं तिच्यासाठी उपास केला, आणि ती रडत पायाशी..."

साचा भिंतीवर जाऊन आदळला. दूध पाद्रीबुवाच्या अंगावर, पानावर, छतावर.

"कुनी सांगितलं तुला?"

"जुन्या माणसांकडून... सगळ्यांना ठाऊक आहे, कोठारातून..."

"समदी तवा कडी लावून बसली व्हती! त्यांच्या पलंगाखालनं त्यास्नी दिसलं का कोन चोर ते? जी बाई दुसऱ्याचं हगनं काढून मेली, तिला तू चोर लिवतोस? तिचा हात लुळा? अरं, त्याच हातानं तुझ्या संताला मरताना पानी पाजलंय!"

पाद्रीबुवा पान पुसत होता. पण तो पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "मी तेव्हा इथं नव्हतो, बाई," तो म्हणाला. "मला सांगतात ते मी लिहितो. संताच्या चरित्रात एक चोर लागतोच. नाहीतर तिनं क्षमा कुणाला करायची?"

"तुझ्या आज्याला चोर कर!"

दुपारी आईसाहेबांनी तिला बोलावलं. बसायला सांगितलं, हेच आधी नवल.

"समजा," आईसाहेब म्हणाल्या, "समजा तू म्हणतेस ते खरं. मग काय करू ते तूच सांग. तिला परत चिखलात टाकू? वेदीशेजारी, पांढऱ्या दगडात, नव्या कापडात आहे ती. वर्षातून एकदा तिच्यासमोर राजा गुडघे टेकेल. तुझ्या चीजवालीला यापेक्षा जास्त काय देशील तू? फक्त गप्प राहायचंय."

"आन् वर नाव तुमच्या भैनीचं."

"नाव दगडावर असतं. आत ती आहे."

"आन् पुस्तकात ती चोर."

आईसाहेब म्हणाल्या, "दासीबद्दल पुस्तकात काय लिहिलंय, हे दहा वर्षांनी कोण बघतंय?"

सिगिथ उठली. रागानं तिला दाराची कडी सापडेना. सगळ्यात जास्त राग याचा आला होता की सौदा चांगला होता. डुडानं स्वतः केला असता. खांदे उडवून म्हणाली असती, "गप ऱ्हा की, कोरडी जागा हाय." तीन रात्री सिगिथनं तेच स्वतःशी घोळलं. चिखलात नाव घेऊन झोपायचं की दगडात चोर होऊन. आणि डुडाला विचारायची सोय नव्हती.

*

रविवारी तळं होड्यांनी भरलं. देवळात माणूस मावेना. बिशप म्हातारा होता, गुडघे दुखत होते, लवकर उरकावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. दगडी पेटी उघडी होती. सिगिथला पुढं बोलावलं. तिनं पोथीवर हात ठेवला. हाताला मेंढीचा वास येत होता, बिशपनं नाक जरा बाजूला घेतलं.

"अंग अखंड आहे?"

"हाय."

"कोणाचं आहे?"

आईसाहेब पेटीच्या डोक्याशी उभ्या होत्या. त्या तिच्याकडं बघत होत्या. धमकी नव्हती त्यात. ते बघणं उपाशी माणसाचं होतं.

"डुडाचं," सिगिथ म्हणाली.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांना गेलं.

"डुडाचं! डुडा, चीजवाली! गुलाम व्हती, मग जोगीन झाली. हिनं त्या पोरीची नऊ दिवस सेवा केली आन् तिच्याच मरीनं मेली. आन् तुमी तिचं अंग घेता, तिची सेवा घेता, आन् तिला चोर लिवता! ह्ये घ्या, पोथीवर हात हाय माझा. खोटं बोलत असंन तर जळू दे!"

आता मागच्यांनाही ऐकू गेलं. कुणी ओरडलं, तिला बाहेर काढा. दाढ थांबलेला माणूस रडायला लागला. बिशपनं काठी आपटली.

"मग राजाची पुतणी कुठं आहे?"

"शेजारच्या खड्ड्यात. बाराव्या."

सगळे आईसाहेबांकडं बघायला लागले. आईसाहेबांनी पेटीच्या कडेवरचा हात काढला. मग त्या म्हणाल्या, "खणा."

लोकांना देवळातच कोंडून ठेवलं. कबरीवर बिशप, आईसाहेब, पाद्रीबुवा, सिगिथ आणि दोन खणणारे. रेताड जमीन लवकर निघाली. पेटी कुजून गेली होती. आत हाडं होती, आणि हाडांत एक शिंगाचा कंगवा, तीन दात मोडलेला.

आईसाहेबांनी कंगवा उचलला. मग उंची वस्त्रासकट चिखलात बसल्या.

"मी दिला होता," त्या म्हणाल्या. कुणाशी बोलल्या ते कळलं नाही. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिनं मला हाक मारली होती?"

सिगिथच्या मनात आलं, खोटं बोलावं. पण तिला तेवढी दया सुचेना. "नऊ दिस मारली," ती म्हणाली. "शेवटी तर तिला मानूसच कळंना. डुडालाच ताई म्हनाय लागली. आन् डुडा ओ द्यायची."

आईसाहेबांनी कंगव्यातली माती बोटानं काढली. पाद्रीबुवानं नाक ओढलं नाही.

आता इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण देवळात चारशे माणूस कोंडलेलं होतं, तळ्यात होड्या होत्या, आणि राजाच्या घरून मेजवानीचे बैल आलेले होते. बिशप आईसाहेबांना हाताला धरून बाजूला घेऊन गेला. दोघं बराच वेळ बोलले. परत आल्या तेव्हा आईसाहेबांचा चेहरा पुसल्यासारखा होता.

"दोघींना एकाच पेटीत ठेवायचं," बिशपनं सांगितलं. "हाडं खाली, अंग वर. मग नाव खोटं ठरत नाही. पेटीवर एडवरु."

"आन् डुडा?"

"ती तिच्याजवळ असेल. हाही मानच आहे."

"मान?" सिगिथचा आवाज देवळाच्या दारापर्यंत गेला. "जित्तेपनी चाकरी, आन् मेल्यावर बी उशाशी चाकरी! मरतानाच काय ती सुट्टी मिळाली व्हती तिला, ती बी काढून घेतली तुमी! आरं, राजाच्या घरच्या पोरीला देवापुढं बी एकटं झोपायचं भ्या वाटतंय व्हय?"

दोघा साधूंनी तिला हाताला धरून नेलं असतं, पण साधूंना तिचे खांदे आवरेनात, चार लागले. झाकण बसलं. लोकांनी पेटीला हात लावले, पाया पडले, बैल खाल्ले. आणि सिगिथला शिक्षा झाली: बिशपला उलट बोलली म्हणून एक वर्ष तोंड बंद. बोलली तर आणखी एक वर्ष. देवळात बसायला सगळ्यात शेवटची जागा, दारातल्या वाऱ्यात.

*

मौनाचं वर्ष ज्यांनी काढलंय त्यांना विचारा, शांत माणसाला ते सोपं जातं. सिगिथला गिळलेले शब्द पोटात दुखायचे. मेंढ्या तिच्या नुसत्या श्वासावरून बाजूला व्हायला शिकल्या. एडका तर तिला बघून वाट सोडायचा.

दीड महिना झाला असेल. पाद्रीबुवा परत आला. चीजघराच्या दारातच उभा राहिला, आत यायचा धीर नव्हता.

"मी उद्या निघतोय," तो म्हणाला. "जायच्या आधी हे दाखवायचं होतं."

त्यानं पान वर धरलं. दाट काळ्या ओळींमध्ये एक फिकट, खरबरीत पट्टा होता. कातडं चाकूनं खरवडलेलं. दुधाचा जुना डाग शेजारी तसाच होता.

"चोरीचं काढून टाकलं," तो म्हणाला. "कुणाला विचारलं नाही. आईसाहेबांनी पान बघितलं, पण बोलल्या काही नाहीत."

सिगिथ ढवळत राहिली. तिनं काय त्याला शाबासकी द्यायची? चोर नसलेल्याला चोर म्हटलं नाही म्हणून?

"इथं आता चार ओळींची जागा आहे," पाद्रीबुवा म्हणाला. "रिकामी ठेवली तर विचारतील. दुसरा एखादा चमत्कार घालू शकतो, तसा माझ्याकडं एक आहे, विहिरीचा. किंवा..." त्यानं नाक ओढलं. "तुम्हाला बोलायची मनाई आहे, ठाऊक आहे मला. नुसती मान हलवलीत तरी चालेल. तिनं ती चीज घेतली होती का?"

दांडका थांबला.

डुडा असती तर टाळक्यात घातला असता. सिगिथनं हात पुसले, पुसता पुसता पाद्रीबुवाकडं बघितलं, त्याच्या काळ्या बोटांकडं, त्या खरवडलेल्या पट्ट्याकडं. बोललं की आणखी एक वर्ष, आणि वर्ष म्हणजे काय, ते आता तिला नीट माहीत होतं.

"घेतली," ती म्हणाली. दीड महिन्यानं आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "लिव. एकोनीस घेतली. कोठीवाला मेला व्हता, कुनाला इचारायचं? पल्याडच्या वस्तीत पोरं साल खात व्हती. डुडा म्हनली, दूध मेंढीचं, गवत देवाचं, दाबलं म्या, मठाचं ह्यात काय हाय? लिव! बघतोस काय?"

"लिहितोय, लिहितोय."

"आन् होडी म्या वल्हवली. लिव ते बी. चोर म्हनायचं तर मला म्हना, मी जित्ती हाय. सगळ्या घरात येक येक दिलं. येका घरात सगळी मेली व्हती, निस्तं तान्हं जित्तं व्हतं, ते डुडानं वटीत घालून आनलं, मेंढीच्या आचळाला लावलं. ते ऱ्हायलं न्हाई. तेचं बी लिव. मग ती वर गेली, माळ्यावर, त्या पोरीकडं. म्या म्हनलं नको जाऊस. तर म्हनली..."

"सिगिथबाई, सिगिथबाई." पाद्रीबुवानं लेखणी वर धरली. "चारच ओळी आहेत. मावत नाही एवढं."

"मग बारीक लिव," सिगिथ म्हणाली.